हेडफोनचं ईक्यू: तयार प्रीसेटपासून स्वतःच्या कानापर्यंत

सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन १९९७ मध्ये आला. माणसाचा आवाज, व्हायोलिन, बासरी यांच्यासाठी त्याला आजही सहज तोड सापडत नाही. पण १०० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरत जातो, आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास काही गायिका जरा अंगावर येतात. हेडफोन बदलायचा नव्हता. ईक्यूनं, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा आवाज हवा तसा कमी-जास्त करून, या दोन्ही गोष्टी सुधारतात असं वाचून होतो, पण फिल्टर, क्यू, प्रीअँप, टार्गेट या शब्दांच्या गर्दीत सुरुवात कुठून करायची तेच कळेना. जूनमध्ये हात घातला, जुलै संपता संपता काम मनासारखं बसलं. ज्या क्रमानं ते झालं त्याच क्रमानं लिहितो आहे. पैसे लागले नाहीत, कारण लागणारी सगळी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. वेळ मात्र लागला, आणि त्यातला बराचसा नुसता थांबण्यात गेला.

ईक्यूला हात लावण्याआधी हेडफोन धडधाकट आहे ना, हे बघून घ्यावं. इअरपॅड दबून चपटे झाले असतील तर ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती ते दाखवणारे इंटरनेटवरचे ग्राफ बहुधा नव्या किंवा सुस्थितीतल्या पॅडचे असतात, तेव्हा झिजलेल्या पॅडवर त्यांच्यावरून बनवलेले प्रीसेट, म्हणजे तयार फिल्टरांचे संच, नीट लागू पडत नाहीत. बंद कपाच्या हेडफोनला चष्म्याची काडी किंवा केस मध्ये आले तर हवा निसटते आणि खालचा बास कित्येक डेसिबलनी पडतो. ते भोक ईक्यूनं बुजवायला जाऊ नये, डोकं जरा हलवलं की हिशोब पुन्हा चुकतो. डावा-उजवा तोल तपासायला मोनो पिंक नॉइज (दोन्ही बाजूंना सारखाच येणारा, सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सळसळता आवाज) लावावा. तो डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू यायला हवा. एका बाजूला सरकलेला वाटला तर हेडफोन उलटा घालून बघायचा. सरकलेपणाही बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनचा किंवा त्याच्या आधीच्या साखळीचा (अँप, केबल वगैरे). बाजू बदलत नसेल तर आपल्या कानांचा, आणि तो तसाच राहू द्यावा.

हेडफोनला ताकद पुरवणाऱ्या अँपचीही एक गोष्ट इथेच बघून टाकावी. एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण हा इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. १०० हर्ट्झच्या आसपास, ड्रायव्हरच्या रेझोनन्सपाशी, तो ५०० ओहमच्या पुढे जातो. अँपचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम असेल तर त्या जागी जवळपास १ डेसिबलचा फुगवटा आपोआप तयार होतो. एखाद-दोन ओहमच्या अँपवर तो नसतो. म्हणजे एकच हेडफोन, एकच प्रीसेट, आणि दोन अँपांवर बास थोडा निराळा.

मग ग्राफ. पहिल्यांदा ग्राफ बघणाऱ्याला ३ किलोहर्ट्झपाशी दहा-बारा डेसिबलचा उंचवटा दिसतो आणि हेडफोन बिघडलेला वाटतो. तो उंचवटा तिथे असायलाच हवा. समोर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत येतो तेव्हा कानाची पाळी, कानाचा खळगा आणि कर्णनलिका मिळून साधारण २.५ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा उचलून धरतात. मेंदूला जन्मापासून त्याची सवय असते. हेडफोनच्या मापनात तीच वाढ दिसते, कारण माप कृत्रिम कान वापरून, कर्णपटलाच्या जागी मायक्रोफोन ठेवून घेतलेलं असतं. म्हणून कच्चा ग्राफ सपाट करायचा नसतो, टार्गेटच्या, म्हणजे आवाज कसा असावा ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, जवळ न्यायचा असतो.

टार्गेट म्हणून बहुतेक जण हार्मन या ऑडिओ कंपनीचा आलेख घेतात. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मनमध्ये श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन २०१३ पासून तो टप्प्याटप्प्यानं मांडला. कानावर बसणाऱ्या हेडफोनची सुधारित आवृत्ती २०१८ ची आहे. कानात घालायच्या इअरफोनचं टार्गेट वेगळं आहे आणि त्यात बास जास्त आहे, तेव्हा दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. याच मंडळींच्या २०१९ च्या अभ्यासात ६४ टक्के श्रोत्यांना हार्मन टार्गेटच्या जवळचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. हा आकडा वाचून माझ्या मनावरचा बराच ताण उतरला. टार्गेट तंतोतंत गाठणं हे काम नाहीच, तिथून पुढे आपल्याला बास किती हवा ते ठरवायचं असतं.

मापन कोणत्या यंत्रावर झालं आहे तेही बघावं लागतं. हार्मनचं टार्गेट ग्रास कंपनीच्या कृत्रिम कानावर बेतलेलं आहे. ब्रुएल अँड केअरच्या ५१२८ या नव्या पुतळ्यावर घेतलेला ग्राफ त्याच टार्गेटवर ठेवला तर दोन रेषांमधला जो फरक दिसतो त्यातला काही हेडफोनचा असतो आणि काही यंत्राचा. बऱ्याच यंत्रांमध्ये वापरला जाणारा जुना प्रमाणित कपलर (कर्णनलिकेची जागा घेणारा भाग) तर ८-१० किलोहर्ट्झच्या पुढे फारसा भरवशाचा नाही. तिथल्या सुळक्यांवर आणि खड्ड्यांवर फिल्टर लावत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आता प्रीसेट. ऑटोईक्यू या मुक्त प्रकल्पात हजारो हेडफोनसाठी आकडेमोड करून ठेवलेले फिल्टर मिळतात. एचडी ६०० साठी त्यात वेगवेगळ्या मापनांवरून काढलेले एकाहून अधिक प्रीसेट आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून बघणं, या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत डोळे उघडणारा भाग होता. २०० हर्ट्झपासून साधारण ३ किलोहर्ट्झपर्यंत सगळे जवळपास एकच सांगतात. १०० हर्ट्झच्या खालीही सूर सारखाच: बास उचला. पण ५ किलोहर्ट्झच्या वर एक म्हणतो ४ डेसिबल कापा, दुसरा म्हणतो २ डेसिबल वाढवा. कारण उघड आहे. ८ किलोहर्ट्झला ध्वनिलहरीची लांबी चार-साडेचार सेंटिमीटर असते. हेडफोन काही मिलिमीटर पुढे-मागे बसला, कानाची घडण जरा वेगळी असली, की तिथलं चित्रच बदलतं. कृत्रिम कान आपला कान नसतो. तेव्हाच ठरवलं: ३-४ किलोहर्ट्झपर्यंत प्रीसेटचं ऐकायचं, त्याच्या वर स्वतःच्या कानाचं.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ घेतलं. बसवताना यंत्रातल्या सगळ्या ऑडिओ उपकरणांची यादी समोर येते. त्यातलं नेमकं आपलं डॅक (डिजिटल आवाजाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) निवडून खूण करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. न करता पुढे गेलात तर काहीच बदलत नाही आणि माणूस उगाच फिल्टर तपासत बसतो. कॉन्फिग फाइलमध्ये नमुन्यादाखल काही ओळी आधीच लिहिलेल्या असतात, त्या काढून टाकायच्या, नाहीतर आपल्या फिल्टरांच्या जोडीला त्याही चालू राहतात. ईक्यू खरंच लागू होतंय का, हे बघायला प्रीअँप, म्हणजे फिल्टरांआधीची एकूण पातळी, उणे ३० डेसिबल करून फाइल सेव्ह करा. आवाज एकदम बारीक झाला तर गाडी रुळावर आहे.

बारीक झाला नाही, तर कारण बहुधा या चारांतलं एक असतं. प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओमधून वाजवतोय. हे दोन्ही मार्ग इक्वलायझर एपीओला वळसा घालून जातात, प्लेअर साध्या शेअर्ड मोडवर आणावा लागतो. किंवा विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ बंद केलेली आहेत. ती चालू हवीत, कारण एपीओ त्याच दारानं आत येतं. किंवा डॅक दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावल्यामुळे विंडोजनं त्याला नवं उपकरण मानलंय आणि पुन्हा खूण करणं आलं. चौथं कारण विंडोजचं किंवा डॅकच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचं मोठं अपडेट. त्यानंतर हीच नोंदणी पुसली जाऊ शकते, म्हणून एखाद्या सकाळी आवाज अचानक पातळ वाटला तर आधी इथे बघावं.

ज्यांना मजकुराची फाइल नको त्यांच्यासाठी पीस नावाचा दर्शनी भाग वर बसवता येतो. लिनक्सवर ईझीइफेक्ट्स आहे. मॅकवर ईक्यूमॅक. अँड्रॉइडवर वेव्हलेटमध्ये ऑटोईक्यूचे प्रीसेट आयतेच मिळतात. आयफोनवर सगळ्या अ‍ॅप्सना एकदम लागू होईल असं पॅरामेट्रिक ईक्यू (फ्रिक्वेन्सी, गेन आणि क्यू हवे तसे ठरवता येणारं) नाही. तिथे एकतर ज्या प्लेअरमध्ये ते असेल तो वापरायचा किंवा क्युडेलिक्स ५के, आरएमई एडीआय-२ यांच्यासारखं स्वतःच्या पोटात ईक्यू असलेलं उपकरण घ्यायचं. उपकरणातलं ईक्यू एकदा भरलं की फोन, टीव्ही, संगणक, कशालाही जोडा, आवाज तोच.

प्रीअँपबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ईक्यूनं आवाज खराब झाला म्हणणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा इथूनच निघते. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल हे छप्पर आहे. आजची बरीच रेकॉर्डिंग आधीच त्या छपराला टेकलेली असतात. त्यावर बासमध्ये ६ डेसिबल वाढवले तर लाटांचे माथे कापले जातात आणि बास फुटल्यासारखा, खरखरीत होतो. म्हणून सगळे फिल्टर मिळून जास्तीत जास्त जेवढी वाढ होते तेवढा, किंवा किंचित अधिक, आवाज आधी खाली आणायचा. सगळ्या फिल्टरांच्या गेनची, म्हणजे वाढ-घटीच्या आकड्यांची, बेरीज करू नये. एकत्रित आलेखाचा सर्वोच्च बिंदू बघायचा. इक्वलायझर एपीओच्या एडिटरमध्ये तो सरळ दिसतो.

याची किंमत अँपला मोजावी लागते. एचडी ६०० ला १ व्होल्ट दिला की ९७ डेसिबल आवाज निघतो. फोनला लावायचं साधं डाँगल जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतं. त्यात प्रीअँप उणे ६ केला की शिखरं ९१ डेसिबलवर थांबतात, आणि संगीताची सरासरी पातळी शिखरांहून १२-१५ डेसिबल खाली असते. म्हणजे उरले ७६ ते ७९. बऱ्याच रेकॉर्डिंगना ते पुरतं. पण शास्त्रीय संगीताच्या संथ, मोठ्या चढउतारांच्या मैफिलीत आवाजाचं बटण शेवटाला जाऊन टेकतं. अशा वेळी चूक ईक्यूची नसते, अँपला आणखी दम हवा असतो.

फिल्टरचे प्रकार कामापुरते तीनच. लो शेल्फ एका फ्रिक्वेन्सीच्या खालचं सगळं उचलतो किंवा दाबतो, हाय शेल्फ वरचं, आणि पीक फिल्टर मधल्या एखाद्या पट्ट्याचं. क्यू म्हणजे पट्टा किती अरुंद ते. क्यू ०.७ असेल तर फिल्टर जवळजवळ दोन सप्तकं व्यापतो, १.४ असेल तर एक, आणि ४.३ असेल तर सप्तकाचा एक तृतीयांश. बास आणि मिड्समध्ये (मधल्या फ्रिक्वेन्सींमध्ये) २ च्या पुढे जायची गरज मला पडली नाही. एक सावधगिरी: शेल्फची तीव्रता काही सॉफ्टवेअर क्यूमध्ये मागतात, काही ‘स्लोप’मध्ये. क्यू ०.७१ म्हणजे स्लोप १. प्रीसेट एकातून दुसऱ्यात नेताना हा आकडा तसाच उतरवला तर आलेख वेगळाच येतो. आलेख डोळ्यांनी जुळवून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

बासपासून सुरुवात केली. १०५ हर्ट्झला लो शेल्फ, क्यू ०.७१. हार्मनच्या चाचण्यांमध्येही श्रोते याच जागेचा शेल्फ खाली-वर करत होते. शेल्फच्या फ्रिक्वेन्सीवर गेनचा निम्मा भाग लागू होतो, आणि खाली जाईल तसा तो पूर्ण होतो. म्हणजे ५.५ डेसिबलचा शेल्फ १०५ हर्ट्झला २.७५ देतो आणि ३० हर्ट्झच्या जवळ जवळजवळ सगळाच. पण त्याची शेपटी २०० हर्ट्झपर्यंत पोचते, आणि एचडी ६०० चा १०० ते २०० हर्ट्झचा भाग मुळातच किंचित भरीव आहे. नुसता शेल्फ लावला तर डग्ग्याची घुमक सुंदर खाली उतरते, पण पुरुषाचा बोलण्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो. म्हणून १६० हर्ट्झला उणे २ डेसिबलचा रुंद पीक, क्यू ०.८. या एका फिल्टरनं बास आणि आवाज एकमेकांपासून सुटे झाले. ज्यांना ईक्यूनंतर बास ‘चिखल’ वाटतो त्यांनी बास कमी करण्याआधी इथे कापून बघावं.

बास किती वाढवायचा याला ड्रायव्हरची मर्यादा आहे. ६ डेसिबल म्हणजे दुप्पट व्होल्टेज, चौपट पॉवर, आणि पडद्याची हालचाल दुप्पट. उघड्या कपाच्या डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये ३०-४० हर्ट्झला विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, आधीच जास्त असते. तपासायची रीत सोपी आहे: ३० हर्ट्झचा शुद्ध सूर लावून आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीला आणायचा. खरा ३० हर्ट्झ हा सूर कमी आणि कानावरचा मऊ दाब जास्त असतो. त्याऐवजी गुणगुण ऐकू आली, स्पष्ट सूर लागल्यासारखं वाटलं, तर आपण ६० आणि ९० हर्ट्झची हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकतोय. ७-८ डेसिबलच्या शेल्फला तसं होऊ लागलं. ५.५ वर नाही. प्लेनार (सपाट पडद्याच्या) हेडफोनमध्ये ही मर्यादा बरीच वर असते, कारण त्यांची बासमधली विकृती सहसा कमी असते.

मिड्सचं काम छोटं. ३.२ किलोहर्ट्झला उणे २ डेसिबल, क्यू २. गायिकेनं तारसप्तकात आवाज लावला की जो ताण जाणवायचा तो गेला. ३ डेसिबल कापले की मात्र तंबोऱ्याची जवारी बोथट होते, म्हणून दोनावर थांबलो. ५०० ते २००० हर्ट्झच्या मध्ये काहीही लावलं नाही. त्या पट्ट्यात हा हेडफोन इतका सरळ आहे की हात लावून त्याचं नुकसानच होईल.

ट्रेबलला, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींना, सगळ्यात जास्त वेळ लागला. इथे ग्राफ बाजूला ठेवायचा. रूम ईक्यू विझर्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर तयार करायची सोय आहे. आवाज अगदी हळू ठेवायचा, कारण ३-४ किलोहर्ट्झला कान सर्वांत संवेदनशील असतो आणि शुद्ध सुराचा त्रास नकळत होतो. मग ४ किलोहर्ट्झपासून १० पर्यंत सूर हातानं सावकाश वर न्यायचा. लक्ष एकाच गोष्टीकडे: सूर कुठे अचानक टोचतो, कुठे अचानक दबतो. हळूहळू होणारे बदल सोडून द्यायचे. कानाची संवेदनशीलता ८ किलोहर्ट्झच्या आसपास आपसूकच कमी असते. सगळा पट्टा ‘सारख्याच जोराचा’ करायला गेलात तर त्या नैसर्गिक उताराची भरपाई होते आणि संगीत कर्कश होतं. म्हणून अरुंद उडी तेवढी पकडायची.

टोचणारी जागा सापडली की आकडा लिहून ठेवायचा, हेडफोन काढायचा, पुन्हा घालायचा, दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचं. जागा हलली तर ती हेडफोनच्या बसण्यावर अवलंबून आहे, तिला अरुंद फिल्टर लावू नये. तिथेच राहिली तर ती खरी. माझ्या कानांना ५.६ आणि ८.३ किलोहर्ट्झ अशा दोन जागा सापडल्या. हेडफोन सरकवल्यावर पहिली विरघळली, दुसरी टिकली. फिल्टर दुसरीलाच लावला. सूर वर नेताना तो मधूनच डोक्यात डावीकडे किंवा उजवीकडे झुकतो, तेही इथे कळतं. दोन्ही कान सारखे नसतात. प्रत्येक बाजूला वेगळे फिल्टर लावून तो झुकाव मारता येतो, पण मी तसं केलं नाही: संगीत ऐकताना तो जाणवत नाही, आणि वेगवेगळे अरुंद फिल्टर लावले की हेडफोन थोडा जरी हलला तरी मधोमध असलेला आवाज विस्कटतो.

किती कापायचं ते सुरावर ठरवू नये, बोलण्यावर ठरवावं. मराठी वाचनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग याला फार उत्तम. ‘श’ची ऊर्जा साधारण ३ किलोहर्ट्झपासून सुरू होते, ‘स’ची ५ च्या वर. ‘सशस्त्र’, ‘शेवटचा सूर्यास्त’ अशा शब्दांत दोन्ही लागोपाठ येतात. ‘श’ शांत आणि ‘स’ मात्र सुरीसारखा लागत असेल तर दोष वरच्या पट्ट्यात. जास्त कापलं की ‘स’ जाड होऊन ‘श’कडे झुकतो, बोलणारा किंचित बोबडा वाटतो. ८.३ किलोहर्ट्झला उणे ३ डेसिबल, क्यू ४ वर ‘स’ जागेवर बसला. उणे ५ वर बोबडेपणा आला.

हे काम एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त करू नये. कान थकले की सगळंच टोचायला लागतं आणि माणूस कापतच सुटतो. थकलेल्या कानानं लावलेला फिल्टर दुसऱ्या सकाळी हमखास जास्त निघतो.

तुलना करताना फसवणारी मुख्य गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. जरासा मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. ईक्यू बंद करताना प्रीअँपही बंद झाला तर मूळ आवाज ६ डेसिबलनी उसळतो आणि ‘ईक्यूमुळे जीव गेला’ असं वाटतं. म्हणून प्रीअँप दोन्हीकडे तसाच ठेवायचा आणि फक्त फिल्टर चालू-बंद करायचे. ५०० ते २००० हर्ट्झच्या मधला भाग फिल्टरांनी जवळपास बदललेला नसल्यामुळे गळ्याची पातळी दोन्हीकडे सारखी राहते.

आणि मग थांबायचं. पहिल्या दिवशी ईक्यूचा बास अवाजवी वाटला. काही दिवस न बदलता ऐकल्यावर तोच स्वाभाविक वाटू लागला, आणि फिल्टर बंद केले की एचडी ६०० पातळ भासू लागला. हे दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्हींवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. निदान चार-पाच दिवस एकच मांडणी ठेवावी, नेहमीचं संगीत ऐकावं, बदल सुचला तर लिहून ठेवावा आणि आठवड्याच्या शेवटी एकच बदल करावा. एकदम तीन फिल्टर हलवले की कशानं काय झालं ते कधीच कळत नाही. या वाट बघण्याचा सुरुवातीला वैताग आला. पुढे तीच सवय सगळ्यात उपयोगी पडली.

शेवटी फाइलमध्ये उरलं ते एवढंच:

प्रीअँप: उणे ६ डेसिबल
लो शेल्फ: १०५ हर्ट्झ, अधिक ५.५, क्यू ०.७१
पीक: १६० हर्ट्झ, उणे २, क्यू ०.८
पीक: ३२०० हर्ट्झ, उणे २, क्यू २
पीक: ८३०० हर्ट्झ, उणे ३, क्यू ४

पहिल्या तीन फिल्टरांपासून एचडी ६०० वापरणारा कोणीही सुरुवात करू शकतो. चौथा माझ्या कानाचा आहे, तो उचलू नये. ऑटोईक्यूचे प्रीसेट दहा फिल्टरांचे असतात. मला चारांत जमलं, आणि चार असले की प्रत्येक फिल्टर काय करतो ते लक्षात राहतं. १० किलोहर्ट्झच्या वर हाय शेल्फनं एक-दीड डेसिबल ‘हवा’ वाढवून बघितली, झांजा छान उघडल्या, पण जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखरही तितकीच वर आली. म्हणून ती ‘हवा’ काढून टाकली.

दुसऱ्या हेडफोनला रीत हीच, फक्त जोर वेगळीकडे द्यावा लागतो. सेनहायझर एचडी ८०० चा ६ किलोहर्ट्झजवळचा सुळका प्रसिद्ध आहे, २०१६ च्या एचडी ८०० एसमध्ये कंपनीनंच तो शोषकानं खाली आणला. बायरडायनॅमिक डीटी ९९० ला ८ किलोहर्ट्झच्या आसपास बरंच कापावं लागतं. अशा हेडफोनमध्ये दोष हेडफोनचाच असल्यामुळे प्रीसेटमधला ट्रेबलचा फिल्टर घ्यायला हरकत नाही. तो आधी अर्ध्या गेननं लावावा आणि नेमकी फ्रिक्वेन्सी कानानं दोन-चारशे हर्ट्झ इकडे-तिकडे करून शोधावी. इअरफोनमध्ये टिप किती खोल बसते त्यावर ट्रेबलचा सुळका सरकतो, म्हणून टिप पक्की ठरल्याशिवाय ईक्यूला बसू नये.

काही गोष्टी ईक्यूच्या आवाक्यातल्या नाहीत. मापनात दिसणारा अरुंद खोल खड्डा कपातल्या परावर्तनांनी एकमेकांना रद्द केल्यामुळे तयार झालेला असेल तर तिथे कितीही डेसिबल ओतले तरी तो भरत नाही, प्रीअँप मात्र वाया जातो. विकृतीही कमी होत नाही. उलट ड्रायव्हरमुळे आलेला साधा सुळका फिल्टरनं कापला की त्याची रेंगाळणारी घुमकही त्याच्यासोबत कमी होते, कारण हेडफोन बहुतांशी मिनिमम फेज असतात, म्हणजे पातळी सुधारली की वेळेतलं वागणंही सोबत सुधारतं. त्यासाठी साधे पॅरामेट्रिक फिल्टर पुरेसे आहेत. लिनिअर फेज ईक्यूची (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर लावणाऱ्या) इथे गरज नाही. त्यानं ठोक्याच्या आधीच आवाजाची पुसट सावली ऐकू येण्याचा धोका मात्र वाढतो.

फाइलच्या नावात हेडफोन, पॅड कधी बदलले तो महिना आणि अँप लिहून ठेवावं, आणि एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. नवे पॅड घातले की ते बसायला थोडे दिवस द्यावेत, मग १६० आणि ८३०० हर्ट्झचे दोन फिल्टर पुन्हा ऐकून तपासावेत. पॅडचा परिणाम तिथेच आधी दिसतो. बाकीच्या दोघांना सहसा हात लावावा लागत नाही.